निलगीचा पुरावा

अण्णा,

तेराव्याची पंगत उठली, पानं काढून झाली, आणि रामूमामा मला म्हणाले, "कुसुम, अण्णाबद्दल चार शब्द बोल की. तुम्हा दोघांचं शब्दांचंच तर होतं सगळं." हॉलमध्ये बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले, पदर सारखा केला, तोंड उघडलं आणि परत बसले. चार शब्द म्हणे! आपण दोघं बहीणभाऊ एका शब्दावर जन्मभर भांडलो आणि तरी तो पुरा झाला नाही, तिथे चार शब्दांत मी काय बोलणार? मग मामाच बोलले. तू कुठे जन्मलास, कुठे शिकलास, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात किती वर्षं काढलीस, सगळं सांगितलं. शेवटी तुला परचेस खात्यातून उचलून थेट मॅनेजर करून टाकलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. राहू दे म्हटलं, तेवढीच बढती.

मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशीच बोलायचं होतं. तेही लोकांसमोर नव्हे. म्हणून एचएसआरला, गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकाच्या घरी परत आल्यावर हे लिहायला बसले आहे.

तू गेलास हे कोणत्या शब्दात म्हणावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पुण्याच्या व्याह्यांचा मेसेज आला, त्यात 'दुःखद निधन' होतं. समोरच्या घरातल्या शारदम्मा फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "तीरिकोंडरु." ते कानावर पडलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे अण्णाला सांगायला हवं. कन्नडमध्ये 'तीरु' म्हणजे संपणं, पुरं होणं. माणूस पुरा झाला म्हणतात हे लोक. आणि आपण म्हणतो 'वारला'. यातलं कोणतं बरं, आणि हे 'वारणं' मुळात आलं कुठून, यावर तू चहा गार होईपर्यंत बोलला असतास. मी फोन हातात घेतलासुद्धा रे. तुझं नाव काढलं आणि मग कळलं.

तसं आपल्या घरात सरळ शब्द वापरायची चोरीच होती. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. तू लहानपणी आईला विचारलंस, "सगळंच वाढतं तर घरात मावतं कसं?" आईने तुझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदर तोंडाला लावून हसत बसली. तुझं हे शब्दांचं वेड त्या धपाट्यापासूनच सुरू झालं असावं असं मला वाटतं. मला ते तुझ्यामुळे लागलं, जशा धाकट्याला थोरल्याच्या कांजिण्या लागतात तसं.

आता निलगीचं. तुला काय सांगायचं, पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं. पाहुणा निघतो. "येतो" म्हणतो, उठतो, चपला घालतो, आणि मग दारात उभा राहून पुन्हा बोलायला लागतो. घरातले त्याला पोचवायला म्हणून दारापर्यंत येतात आणि तेही तिथेच अडकतात. हे जे दारातलं बोलणं, त्याला आपल्या घरात निलगी म्हणतात. आपल्या घरात आणि रामूमामांकडे. राजाजीनगरातल्या बाकी मराठी घरांत विचारून पाहिलं, कुणाला ठाऊक नाही. कोशात तर नाहीच.

आणि आपल्याकडे खरं बोलणं आत बसून कधी झालंच नाही. आत फक्त चहा, चिवडा, कुणाचं लग्न ठरलं आणि कुठला रस्ता खणून ठेवलाय. खरी बातमी निलगीत. बाबांच्या छातीत दुखतंय हे तू मला फाटकाच्या कडीवर हात ठेवून सांगितलंस. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली ते मी तुला एका पायात चप्पल घालून सांगितलं. तुझ्या सुमाने पुण्याचा मुलगा आपला आपण ठरवलाय, हेही तिथलंच. मी बोलावलेले टॅक्सीवाले वाट बघून निघून जायचे. वहिनी थोडा वेळ आपल्याबरोबर उभी राहायची आणि मग म्हणायची, "तुमचं चालू दे, माझं दूध गॅसवर आहे." दर रविवारी नेमकं त्याच वेळी कसलं दूध असायचं ते तिलाच ठाऊक.

तुझं म्हणणं, हा शब्द 'निघणं'मधून आलाय. जुन्या मराठीत 'तुजलागी' म्हणतात ना, तुझ्यासाठी, तसं 'निघण्यालागी'. आपले पूर्वज फौजेबरोबर इकडे उतरले तेव्हा घोड्यावर भांड्याकुंड्यांसोबत शब्दही बांधून आणले, त्यातलाच हा एक. वापरून वापरून झिजला. माझं म्हणणं, घोड्यावरून काही आलेलं नाही. कन्नडमध्ये 'निल्लु' म्हणजे उभं राहणं, थांबणं. शेजारपाजारचे लोक निघालेल्या माणसाला म्हणतात, "स्वल्प निल्लि," जरा थांबा. ते आपल्या कुण्या आजीने ऐकलं आणि घरात घेतलं. या गावाने आपल्याला शेजार दिला, शाळा दिली, भातावर ओतायला सारू दिलं, तसा हा शब्द दिला.

"म्हणजे आपण येताना हात हलवत आलो?" तू म्हणायचास.

"आणि आल्यावर काय कानात बोळे घालून बसलो?" मी म्हणायचे.

मग तुझा आवाज चढायचा. शारदम्मांच्या खिडकीचा पडदा हलायचा. "जगळ इल्ला शारदम्मा, मातु अष्टे," तू हात जोडून सांगायचास, भांडण नाही हो, नुसतं बोलतोय. त्यांना ते कधी खरं वाटलं नाही.

बाकीच्या शब्दांत तू पुष्कळ समजूतदार होतास. कारखान्याच्या बसमध्ये तुझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनी सुपारी कातरता कातरता 'अडके' आणि 'कत्तरी' सांगितलं, सुपारी आणि कात्री, तेव्हा 'अडकित्ता' तू विनातक्रार कन्नडला देऊन टाकलास. 'तुप्प' ऐकून तूपही दिलंस. चटणी मात्र 'चाटणं'मधून आली हे तुला पटेना. जी ताटातलं सगळं चट्टामट्टा करायला लावते ती चटणी, असं तू भर लग्नाच्या पंगतीत जाहीर केलंस आणि मला ठसका लागला. तुला खोटी मुळं सांगायची हौस होती आणि ती तू इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचास की निम्मे लोक घरी जाऊन ती आपल्या मुलांना शिकवायचे.

एकाच शब्दावर आपलं कधी भांडण झालं नाही, 'हुडकणं'. पुण्याकडे शोधतात, कोल्हापूरकडे हुडकतात, आणि इथे 'हुडुकु' म्हणतात. कुणी कुणाकडून घेतलं असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ज्याचं हरवलं असेल त्याने घेतलं असेल." आणि वर म्हणालास, शोधणं बसल्या जागी होतं, हुडकायला मात्र उठावं लागतं. हे काही कुठल्या कोशात मिळायचं नाही, पण मला ते पटलं होतं. तुला तसं सांगायचं राहून गेलं.

लोक मला विचारतात, अण्णांनी हे सगळं लिहून ठेवलं असेल ना? कसलं लिहितोयस तू! तुला किराण्याची यादी लिहायचा कंटाळा. तुझं सगळं तोंडात, आणि ते ऐकायला समोर कुणीतरी उभं पाहिजे.

मग सुमाचं लग्न झालं आणि कौस्तुभ घरात आला. मुलगा चांगला, एचएसआरलाच कुठल्याशा नव्या कंपनीत, वागायला सरळ. पण फारच सरळ. पहिल्यांदा जेवायला आला, जेवला, "खूप मस्त होतं आई, येतो," म्हणाला, बूट घातले आणि खरंच गेला. तू त्याला पोचवायला म्हणून दारापर्यंत पोचलास तोवर त्याची गाडी कोपऱ्यावर वळलीही होती. तू दारात तसाच उभा. आत येऊन वहिनीला म्हणालास, "त्याला आपलं घर आवडलं नाही."

"अहो, घरी जायचं होतं त्याला," वहिनी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. हा मुलगा निघाला की निघतोच!"

पुढच्या खेपेला तू त्याला बाजूला बसवून निलगी समजावून सांगितलीस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून फोन काढला. "बाबा, असा वर्डच नाहीये. सगळीकडे सर्च केलं. निलगिरी दाखवतंय." तुझा चेहरा असा झाला की मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले. नंतर मात्र फाटकात तू हळूच म्हणालास, "कुसू, खरंच गं. आपण दोघं नि मामा. आपल्यामागे हा शब्द होता हे सांगायलाही कुणी नाही." मी तेव्हा तुला म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नकोस. आणखी काय बोलणार?

माझे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून एचएसआरहून राजाजीनगरला यायचं म्हणजे गाव ओलांडायचं झालं. रविवार चुकायला लागले. माझं म्हणणं असं की माहेर म्हणजे काही घराचं नाव नव्हे, आईवडील गेल्यावर भाऊ जिथे दार उघडतो ते माहेर, आणि तू होतास तोवर मला त्याची काळजी नव्हती. येईन पुढच्या आठवड्यात, असं व्हायला लागलं. अशात एकदा तुझा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"कुसू, पुरावा मिळालाय."

"कसला?"

"निलगीचा. पक्का पुरावा. तू हरलीस. पण फोनवर सांगणार नाही. समोर ये."

मी त्या रविवारी गेले. चहा झाला, चिवडा झाला. विचारलं तर म्हणालास, निलगीत सांगतो. निलगीत म्हणालास, "घाई काय आहे, पुढच्या रविवारी." मी चिडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. तेव्हा म्हणालास, एक गोष्ट अजून तपासायची आहे. मग म्हणालास, आधी तू मान्य करायला तयार आहेस का ते सांग, नाहीतर पुरावा दाखवून काय उपयोग? मी म्हटलं, पुरावा न बघता मान्य करायला मी काय तुझी बायको आहे? वहिनी आतून म्हणाली, "मी तरी कुठे करते!" असे किती रविवार गेले कोण जाणे. माझे गुडघे दुखायचे ते दुखतच होते, पण मी येत होते. वाटेत बसमध्ये मी तुझ्या पुराव्याला उत्तरं तयार करायचे. तू असं म्हणालास तर मी तसं म्हणेन. चांगली म्हातारी बाई मी, आणि ओठ हलवत बसायचे. शेजारचे लोक सरकून बसायचे.

आणि मग हॉस्पिटल. तिथे आत एकेकालाच सोडत होते. तुझ्या नाकात नळी, हाताला सुई, पण डोळे तुझेच. मी कपाळाला हात लावला, देवाचा अंगारा लावला, वेळ झाली म्हणून निघाले आणि दाराशी गेल्यावर सवयीने वळून उभी राहिले. तूही मान वळवलीस. आपली निलगी सुरू होणार एवढ्यात बाहेरचा गार्ड म्हणाला, "टाइम आयितु अम्मा, होरडी." वेळ झाली, निघा. तू तोंड उघडलं होतंस. मला वाटलं पुरावा सांगणार. मी हात केला, "असू दे, घरी आल्यावर." तू मान हलवलीस. त्यानंतर तू बोलला नाहीस, शुद्धीवरही फारसा आला नाहीस. त्या गार्डवर माझा राग नाही, त्याचं कामच ते. पण अण्णा, आपल्या घरात दारात उभ्या असलेल्या माणसाला आजवर कुणी "निघा" म्हटलं नव्हतं.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो, कावेरीवर. सगळे विधी सुमाने केले, आणि गुरुजींनीही "मगळु माडबहुदु," मुलीने केलं तरी चालतं, म्हणून तिला शांतपणे सगळं सांगितलं. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे पुष्कळ होते. झाडावर होते, भिंतीवर होते, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला तर तीन एकदम आले. तुझ्याकडे एकही नाही. एक आला, पिंडाभोवती चालला, मान तिरकी करून बघितलं आणि उडाला. तू बाजारात भेंडी बघून न घेता परत यायचास ना, अगदी तसा.

लोक कुजबुजायला लागले. काहीतरी राहिलंय म्हणाले. वहिनी पुढे झाली. ती चारचौघांत तुझ्याशी असं कधी बोलली नव्हती, पण तेव्हा बोलली. "घराचं काही मनात ठेवू नका. मी राहीन नीट." कावळा नाही. सुमा रडत म्हणाली, "बाबा, आईला मी एकटं सोडणार नाही, प्रॉमिस." नाही. मग मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मला कळलं काय येतंय ते.

"कुसुम, सांगून टाक त्याला."

"काय सांगू?"

"तो शब्द. त्याचं बरोबर होतं म्हण. त्याचा जीव त्यात अडकलाय."

"मामा, नंतर बघू."

"अगं नंतर कधी? म्हण की, मान्य आहे. तुझं काय जातंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऊन वर आलं होतं, गुरुजी घड्याळ बघत होते. आणि मला तोंडातून ते शब्द काढता येईनात. त्यांना वाटलं मी हट्टी. आहेच मी हट्टी, तुझीच बहीण. पण अण्णा, खरं सांगू? तो कावळा यावा असं मला वाटतच नव्हतं. सगळे तुला जाऊ दे म्हणून विनवत होते आणि मी मनात म्हणत होते, नको शिवूस. तो शिवत नाही तोवर तू कुठेतरी दारात उभा होतास. मी मान्य म्हटलं की तू निघणार. आयुष्यभर मी मान्य केलं नाही ते याच भीतीने की काय, असं तिथे उभी असताना पहिल्यांदा वाटलं. मान्य केलं असतं तर तू मला फोन कशाला केला असतास?

मी एवढंच म्हणाले, "त्याने आधी पुरावा द्यावा."

कुणीतरी हसलं. गुरुजी म्हणाले, फार वेळ झाला, आता दर्भाचा कावळा करू. ते दर्भ आणायला त्यांच्या पिशवीकडे गेले तसे आम्ही घाटाच्या पायऱ्या चढून वर आलो, चपला घातल्या आणि गाडीशी उभे राहिलो. गाडीचं दार उघडं होतं. ड्रायव्हर आत बसलेला. आणि कुणीच आत बसेना. मामा काहीतरी सांगायला लागले, तू लहानपणी कावेरीत पडला होतास ते. वहिनी म्हणाली, मला हे कधी सांगितलं नाही. सुमा म्हणाली, मला सांगितलंय, पण त्यात मामाआजोबा पडले होते. सगळे उन्हात उभे राहून बोलत होते आणि मध्येच हसत होते.

कौस्तुभ सगळ्यांच्या मागे होता. एरवी तो कधीच गाडीत बसला असता. तो माझ्याजवळ आला.

"आत्या, एक सांगू का? मला कळत नाहीये सांगावं की नको."

"सांग रे."

"बाबांनी मला सांगितलं होतं. प्रूफचं. मीच विचारलं एकदा, की नक्की काय मिळालंय तुम्हाला? तर ते हसायला लागले. म्हणाले, पुरावा कसला, काही नाहीये. असं म्हटलं की ती येते. म्हणाले, तिचे गुडघे दुखतात, नुसतं ये म्हटलं तर ती उगीच संकोचाने येईल. भांडायला बोलावलं की पळत येते. आणि म्हणाले, कुणाला सांगू नकोस. सॉरी आत्या."

मी आधी चिडले. लबाड, म्हणाले मी, चांगलं मोठ्याने. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. अण्णा, अरे, मी पुराव्यासाठी येत होते असं तुला वाटत होतं? तू "चहाला ये" म्हणाला असतास तरी आले असते. काही न म्हणता नुसता फोन वाजवून ठेवला असतास तरी आले असते. तू मला बोलवायला खोटा पुरावा रचलास, मी तू बोलवत राहावंस म्हणून मान्य करत नव्हते. दोघंही म्हातारे झालो आणि एकमेकांना "ये, मला करमत नाही" एवढं साधं मराठी वाक्य बोलता आलं नाही. शब्दांची मुळं हुडकत बसलो आयुष्यभर.

खालून गुरुजींनी हाक मारली. हातात दर्भ तसाच होता. ते पिंडाकडे बोट दाखवत होते. पिंड विस्कटलेला होता, भात पानाबाहेर सांडला होता. कावळा शिवून गेला होता. केव्हा, कुणी पाहिलं नाही. आम्ही सगळे बोलण्यात होतो.

मामांनी हात जोडले. सुमा आणि वहिनी रडल्या, पण सुटल्यासारख्या रडल्या. मी खूप वेळ त्या पानाकडे बघत राहिले. तू जातोस तर सांगून जा, एवढंही केलं नाहीस.

तेराव्याला सगळं आवरल्यावर मी निघाले. पिशवी घेतली, देवाला नमस्कार केला, चपला घातल्या. तू जिथे उभा राहायचास ती फाटकाशेजारची जागा मी मुद्दाम बघितली नाही. वहिनी दारापर्यंत आली. मला वाटलं आता म्हणेल, दूध गॅसवर आहे. ती तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिने ती जागा आपल्या दोघांना सोडून दिली होती.

"मला कधी येत नव्हतं गं तुमच्यासारखं," ती म्हणाली. "कुठला शब्द कुठून आला ते. मी आत जाऊन नुसती ऐकायची. दूधबीध काही नसायचं."

मी कडीवर हात ठेवला.

"आता तू कशाला येशील म्हणा," वहिनी म्हणाली. "एवढ्या लांबून. तुझे गुडघे." ती दाराच्या चौकटीकडे बघत होती. "ते होते म्हणून होतं हे सगळं."

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. माझा टॅक्सीवाला दोनदा फोन करून गप्प बसला होता. मी वहिनीकडे पाहिलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हाची तिची उभं राहायची पद्धत अजून तशीच आहे, एक हात चौकटीला धरून. मला म्हणायचं होतं, वहिनी, तू आहेस ना, मग माझं माहेर आहे. पण तुझी बहीण मी, ते सरळ कसं म्हणणार?

"येणार तर," मी म्हटलं. "पुरावा हुडकायचाय ना अजून."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. कौस्तुभ बोलला तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सरी, बरं," ती म्हणाली. "घरातच असेल कुठेतरी. रविवारी ये, दोघी मिळून हुडकू."